उलट्या वाटेचा प्रवासी

वडील हेही एके काळी शाळकरी मुलगे होते, ही गोष्ट मुलांना ठाऊक असते. परंतु ती खरी मात्र वाटत नाही. जुन्या छायाचित्रातील तेल चोपडून भांग पाडलेला तो मुलगा आणि सायंकाळी दमून घरी येणारे वडील ही एकच व्यक्ती होय, हे मनाला मुद्दाम पटवून द्यावे लागते. अमेरिकेतील पटकथालेखक बॉब गेल यांच्या हाती एकदा त्यांच्या वडिलांच्या शाळेचे जुने वार्षिक पुस्तक लागले. ते चाळताना वडील आपल्या वर्गाचे अध्यक्ष होते, असे त्यांना आढळले. मुलाला ही गोष्ट मुळीच माहीत नव्हती. आपण त्या वर्गात असतो, तर या मुलाशी आपली मैत्री झाली असती काय, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. त्या एका प्रश्नातून पुढे जो चित्रपट जन्मास आला, त्याचे नाव 'बॅक टू द फ्यूचर'. रॉबर्ट झेमेकिस यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८५ साली प्रदर्शित झाला. काळाच्या प्रवाहात उलटे पोहत जाणाऱ्या एका मुलाची ती कथा आहे. ती पाहताना हसू येते. पण हसू ओसरले की डोक्यात प्रश्नांचे मोहोळ उठते.

हिल व्हॅली हे कॅलिफोर्नियातील एक कल्पित गाव. तेथे मार्टी मॅकफ्लाय नावाचा सतरा वर्षांचा मुलगा राहतो. त्याचे वडील जॉर्ज मनाने चांगले, परंतु अत्यंत भित्रे आहेत. बिफ नावाचा एक दांडगट इसम शाळेत असल्यापासून त्यांच्यावर अरेरावी करीत आला आहे आणि जॉर्ज मान खाली घालून ती सोशीत आले आहेत. तरुणपणी ते अद्भुत कथा लिहीत; पण लोक नावे ठेवतील या धास्तीने त्यांनी त्या कधी कोणास दाखविल्या नाहीत. साऱ्या घरावरच या भित्रेपणाची मरगळ पसरली आहे. मार्टीचे स्नेही डॉक्टर ब्राउन हे एक विक्षिप्त शास्त्रज्ञ. त्यांनी एका मोटारीचे कालयंत्र बनविले आहे. तिने ताशी ८८ मैलांचा, म्हणजे सुमारे १४२ किलोमीटरांचा वेग गाठला की ती ठरविलेल्या तारखेस जाऊन पोहोचते. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, काही सशस्त्र माणसे ब्राउन यांच्यावर गोळ्या झाडतात. जीव वाचविण्यासाठी मार्टी त्या मोटारीत बसून ती भरधाव सोडतो आणि क्षणार्धात ५ नोव्हेंबर १९५५ या दिवशी जाऊन उतरतो. तेथील एका शेतातून पळ काढताना त्याच्या मोटारीखाली पाइनच्या दोन रोपांपैकी एक रोप मोडते. त्या गडबडीत त्याला त्याचे काय!

तीस वर्षांपूर्वीच्या त्या गावात मार्टीला आपल्याच वयाचे वडील भेटतात. एका मोटारीसमोर ते पडलेले पाहून तो धाव घेतो, त्यांना बाजूला ढकलतो आणि स्वतः धक्का खातो. कोणीही चांगला मुलगा हेच करील. पण घोटाळा येथेच होतो. ती मोटार मार्टीच्या आजोबांची असते. मूळ घटनेत त्या मोटारीची ठोकर जॉर्जला लागली होती, आजोबांनी त्याला घरी नेले होते, तेथे त्यांच्या मुलीने, लॉरेनने, त्याची शुश्रूषा केली होती आणि त्यातूनच पुढे दोघांचा विवाह झाला होता. आता जॉर्जला ठोकरच लागली नाही; तेव्हा शुश्रूषा नाही, ओळख नाही, विवाहही नाही. परोपकार करावयास गेलेला मुलगा असा स्वतःच्याच जन्माच्या मुळावर येतो. त्याच्या खिशात तिन्ही भावंडांचे एक छायाचित्र असते. त्यातील थोरल्या भावाची आकृती प्रथम पुसट होऊ लागते, मग बहिणीची. आणि आता पाळी त्याचीच असते.

येथे विचारी प्रेक्षक थबकतो. मार्टीचा जन्मच झाला नाही, तर १९५५ सालात जाऊन जॉर्जला बाजूला ढकलले कोणी? कोणीच ढकलले नाही म्हणावे, तर जॉर्जला ठोकर लागणार, विवाह होणार आणि मार्टी जन्मास येणार. तो जन्मास आला, की पुन्हा मागे जाणार आणि पुन्हा वडिलांना ढकलणार! रहाटाचे गाडगे भरावे, रिते व्हावे आणि पुन्हा भरावे, तसा हा विचार गरगर फिरत राहतो. नातवाने भूतकाळात जाऊन आजोबांचा विवाहच मोडला तर काय होईल, अशा रूपातही हा पेच सांगता येतो. म्हणून त्याला 'आजोबांचा पेच' असेही म्हणतात. चित्रपटाने हा पेच सोडविला नाही. त्याने तो लांबणीवर टाकला. जॉर्जचे आणि लॉरेनचे मन जुळण्यास अद्याप एक आठवडा आहे, तोपर्यंत मार्टीच्या जन्माची शक्यता शिल्लक आहे, आणि ती जसजशी क्षीण होते तसतसे छायाचित्र पुसट होते, असा त्याचा नियम आहे. छायाचित्र हे जणू शक्यता मोजण्याचे यंत्रच! तरीही एखादा चौकस मुलगा विचारीलच, की मुलेच नसतील, तर त्या रिकाम्या जागेचे छायाचित्र घेतले कोणी, आणि कशासाठी?

असा प्रश्न विचारणे म्हणजे कथेचा रसभंग करणे नव्हे. हुतूतूच्या खेळात दम सुटला की गडी बाद होतो. हा नियम असाच का, असे कोणी विचारीत नाही. कारण खेळ मांडताना तो सर्वांनी मान्य केलेला असतो. पण डाव रंगात आला असता एखाद्याने नियम बदलला, तर मात्र भांडण जुंपते. कल्पित कथेचेही तसेच आहे. मोटारीने काळ ओलांडला, हे प्रेक्षक आनंदाने मान्य करतो. एकदा ते मान्य केल्यावर पुढचे सर्व त्या नियमास धरून चालले आहे की नाही, हे पाहणे हा त्याचा हक्क असतो. असे पाहणारा प्रेक्षक चित्रपटाचा शत्रू नव्हे. तो त्याचा खरा सोबती होय.

काळाच्या वाटेवर पुढे जाण्यात मात्र असा काही पेच नाही. पुराणात रैवत ककुद्मी राजाची कथा आहे. आपल्या रेवती या कन्येस वर कोणता निवडावा, हे विचारण्यासाठी तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तेथे गायन चालले होते, म्हणून तो थोडा वेळ थांबला. गायन संपल्यावर त्याने आपला प्रश्न मांडला, तेव्हा ब्रह्मदेव हसले. तेवढ्या अवधीत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेली होती आणि राजाने मनात योजिलेल्या वरांचे नावही कोठे उरले नव्हते! पुढे रेवतीचा विवाह बलरामाशी झाला. ही झाली पुराणातील कथा. परंतु निरनिराळ्या ठिकाणी काळाची गती निरनिराळी असू शकते, हे आइन्स्टाइन यांनी गणिताने दाखविले. आणि १९७१ साली हाफेले व कीटिंग या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी चार आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून त्याचा पडताळाही घेतला. पूर्वेकडे गेलेली घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा सुमारे ५९ अब्जांश सेकंद मागे पडली. पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ अब्जांश सेकंद पुढे निघाली. डोळ्याचे पाते लवण्यास लागणाऱ्या वेळाच्या मानाने हा फरक काहीच नाही. पण तो खरा आहे.

मागे जाण्याची गोष्ट निराळी. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी भविष्यातून येणाऱ्या प्रवाशांसाठी एक मेजवानी ठेविली. गंमत अशी, की तिची निमंत्रणे त्यांनी मेजवानी आटोपल्यानंतर प्रसिद्ध केली. ज्याला काळात मागे येता येईल, तोच ते निमंत्रण वाचून वेळेवर पोहोचू शकला असता. सजविलेल्या दालनात हॉकिंग वाट पाहत बसले. कोणीही आले नाही.

तेव्हा भूतकाळात शिरण्याचा मार्ग सध्या तरी कल्पनेतच आहे. आणि कल्पनेतही त्याचे नियम एकसारखे नाहीत. 'बॅक टू द फ्यूचर' या चित्रपटात भूतकाळ हा मातीच्या ओल्या गोळ्यासारखा आहे. जाणाऱ्याचे बोट लागले की त्याचा आकार बदलतो. २००४ साली प्रदर्शित झालेल्या 'हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझ्काबान' या चित्रपटात तो भाजून पक्का झालेल्या घटासारखा आहे. हॅरी आणि त्याची मैत्रीण हर्मायनी तीन तास मागे जातात. परंतु त्यांच्या जाण्याने घडलेले काहीच बदलत नाही. बकबीक नावाच्या एका निरपराध प्राण्यावर कुऱ्हाड पडल्याचा आवाज त्यांनी प्रथम दुरून ऐकलेला असतो आणि तो मेला असे समजून शोक केलेला असतो. मागे गेल्यावर त्यांना कळते, की कुऱ्हाड प्राण्यावर पडलीच नव्हती. त्यांनीच त्याला आधी सोडवून नेले होते. घटना जुनीच, तिचा अर्थ मात्र नवा.

याच कथेत एक फार हृद्य प्रसंग आहे. त्या संध्याकाळी सरोवराच्या काठी हॅरीवर मरणप्राय संकट ओढवले असता पैलतीरावरून एक तेजस्वी हरिण धावत आले होते आणि त्याने काळ्या छायांना पिटाळून लावले होते. ते पाठविणारी व्यक्ती अंधुक दिसली, तेव्हा आपले वारलेले वडीलच आले, असे त्या पोरक्या मुलास वाटले. मागे गेल्यावर तो पैलतीरी झाडांच्या आड उभा राहून वडिलांची वाट पाहतो. संकट निकट येते. कोणी येत नाही. मग त्याच्या ध्यानात येते, की आपण पाहिलेली ती आकृती वडिलांची नव्हती, आपलीच होती. तो पुढे होतो आणि ते तेजस्वी हरिण स्वतः निर्माण करतो.

मातीचा गोळा आणि पक्का घट यांखेरीज तिसरीही एक कल्पना आहे. तीत वाट दुभंगते. जयंत नारळीकर यांनी आपल्या एका कथेत ती पानिपताच्या रणांगणावर नेऊन मांडली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठ्यांचा पराभव झाला, हा इतिहास. या कथेतील गंगाधरपंत नावाचे इतिहासाचे प्राध्यापक मात्र अशा एका जगात जाऊन पोहोचतात, की जेथे ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली आणि युद्ध मराठ्यांनी जिंकले. येथे जुने काही पुसले जात नाही. गोळी लागलेले जग एका वाटेने गेले, गोळी चुकलेले जग दुसऱ्या वाटेने गेले. दोन्ही आपापल्या ठिकाणी खरी. या कल्पनेत आजोबांचा पेच उरत नाही. पण मग मागे जाऊन चूक सुधारण्यातही अर्थ उरत नाही. कारण चुकीचे जग जेथल्या तेथेच राहते. प्रवासी तेवढा दुसऱ्या जगात राहावयास जातो.

हे तिन्ही नियम ध्यानात घेऊन पुन्हा हिल व्हॅलीच्या त्या मुलाकडे वळले, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसू लागते. भविष्य बदलले, हे खरे. परंतु ते बदलले कोणी? सामान्यतः उत्तर येते, की मार्टीने. हे उत्तर जरा पारखून घ्यावयास हवे. वडिलांना धीट बनविण्यासाठी मार्टीने एक बेत रचला होता. १२ नोव्हेंबरच्या रात्री शाळेत नृत्याचा कार्यक्रम होता. त्या वेळी मार्टीने मोटारीत लॉरेनला त्रास देण्याचे सोंग करावयाचे आणि जॉर्जने ऐन वेळी येऊन तिला सोडवावयाचे, असा तो बेत. प्रत्यक्षात तो साफ फसला. मार्टीला बिफच्या साथीदारांनी दुसऱ्या एका मोटारीच्या मागच्या कप्प्यात कोंडून टाकले आणि लॉरेनजवळ खराखुरा बिफच जाऊन बसला. जॉर्ज ठरल्याप्रमाणे आला आणि पाहतो तो समोर सोंग नव्हे, आयुष्यभराची भीती मूर्तिमंत बसलेली! बिफने त्याला निघून जाण्यास बजावले. मागे फिरण्यास वाट मोकळी होती. रोज तो मागेच फिरत असे. त्या रात्री मात्र तो फिरला नाही. प्रथम बिफने त्याचा हात पिरगाळला. वेदनेने जॉर्ज कळवळला. पण समोर लॉरेनचा छळ होताना पाहून त्याच्या दुसऱ्या हाताची मूठ आवळली गेली आणि एकाच ठोशासरशी तो दांडगट जमिनीवर लोळला.

त्या क्षणी मार्टी तेथे नव्हता. कालयंत्रही तेथे नव्हते. तेथे होता तो केवळ एक भित्रा मुलगा आणि त्याच्यासमोर उभा राहिलेला एक अन्याय. भविष्यातून आलेल्या पाहुण्याने फार तर प्रसंग जुळवून आणला. पाऊल ज्याचे त्यानेच रोवले. डॉक्टर ब्राउन यांच्या बाबतीतही हेच घडले. तीस वर्षांनी तुमच्यावर गोळ्या झाडल्या जातील, असा इशारा देणारे पत्र मार्टीने त्यांना लिहिले होते. भविष्य जाणून घेणे धोक्याचे, असे म्हणून त्यांनी ते फाडून टाकले. नंतर त्यांनीच त्याचे तुकडे जुळविले, चिकटविले, वाचले. आणि त्या रात्री अंगात चिलखत घालून ते वाचले. पत्र मार्टीचे, पण तुकडे जोडणारे हात ब्राउन यांचे. आणि सरोवराकाठी वडिलांची वाट पाहणाऱ्या हॅरीला तरी दुसरे काय उमगले? एका चित्रपटात भूतकाळ बदलतो, दुसऱ्यात बदलत नाही. नियम परस्परांच्या अगदी विरुद्ध. तरी या एका बाबतीत दोघांची साक्ष एकच आहे. दुसरा कोणी येऊन ते काम करणार नसतो. ज्याच्या पुढ्यात तो क्षण उभा असतो, त्यालाच ते करावे लागते.

मार्टी परततो, तेव्हा त्याचे घर पार पालटलेले असते. वडील ताठ मानेने वावरत असतात. त्यांची पहिली कादंबरी छापून आलेली असते. आणि बिफ त्यांची मोटार पुसत असतो. सर्वांना आनंद होतो आणि चित्रपट संपतो. परंतु तर्काची वाट येथे संपत नाही. परत आल्यावर मार्टीने आणखी एका मार्टीला मोटारीतून १९५५ कडे जाताना पाहिले होते. तो मुलगा धीट वडिलांच्या घरी वाढलेला. तो तेथे जाऊन काय करील? चित्रपट याचे उत्तर देत नाही.

दुसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. या नव्या घरातील माणसांच्या आठवणी मार्टीच्या नाहीत. जेवताना वडील एखादी जुनी गंमत सांगतील, आई आणि भावंडे हसतील. त्या गमतीच्या वेळी आपण कोठे होतो, हे मार्टीला आठवणार नाही. आणि त्याच्या आठवणीतील ते वाकलेल्या खांद्यांचे, कसनुसे हसणारे वडील आता जगात दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाहीत. ते भित्रे होते. पण त्यांनीच त्याला वाढविले होते. घर सुधारले, आणि त्याच घरात मुलगा थोडासा पाहुणा झाला. गेलेला दिवस खोडून पुन्हा लिहिता यावा, असे कोणाला वाटत नाही? परीक्षेतील चूक, मित्राला बोललेला कठोर शब्द, वेळेवर न दिलेली मदत, सारे पुसून टाकावेसे वाटते. परंतु पाटी पुसताना केवळ चुकीचे अक्षर पुसले जात नाही. त्याच्या शेजारची बरोबर अक्षरेही हाताखाली येतात.

ज्या शेतात पाइनचे ते रोप मोडले, तेथे १९८५ साली एक मोठा बाजार उभा असतो. चित्रपटाच्या आरंभी त्याच्या पाटीवर 'ट्विन पाइन्स', म्हणजे 'जुळे पाइन', असे नाव दिसते. शेवटी त्याच जागी 'लोन पाइन', म्हणजे 'एकटा पाइन', अशी पाटी असते. त्याविषयी कोणी एक शब्दही बोलत नाही. लक्षपूर्वक पाहणाऱ्यालाच ते दिसते, आणि दिसताच त्याच्या अंगावर रोमांच उभे राहतात. एक रोप मोडले आणि एका स्थळाचे नाव बदलले. एक मूठ आवळली गेली आणि एका घराचे दैव बदलले. दोन्ही घटना घडल्या, तेव्हा त्या गावात राहणाऱ्या कोणालाही तो भूतकाळ वाटत नव्हता. त्यांच्या लेखी तो एक साधा, नेहमीचा, आजचा दिवस होता.